आईसलँड : एक आठवडा

“सोमवारी पहिल्या तासाला भूपट्ट,” आई म्हणाली. “दुसऱ्या तासाला धबधबा. मग मधली सुट्टी.”

“आई, आपण सहलीला जातोय, शाळेत नाही.”

“सहलीलाच वेळापत्रक जास्त लागतं. शाळेत निदान घंटा तरी वाजते.”

जेवणाच्या टेबलावर तिची दोनशे पानी वही उघडी पडली होती. उभ्या रेघा लाल पेनाने, आडव्या निळ्याने. वर ठळक अक्षरात ‘रेक्याविक’ आणि त्याखाली दुहेरी रेघ. शेजारी युरोपचा नकाशा पसरला होता. तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर मिसळणातल्या चार वाट्या ठेवल्या होत्या. आईसलँड नेमकं वरच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे हळदीच्या वाटीखाली येत होतं. त्यामुळे दर पाच मिनिटांनी हळद उचलावी लागत होती.

“रेक्याविक म्हण.”

“रेकजाविक.”

“ज नाही, य. रे-क्या-विक. विक म्हणजे खाडी. वाफांची खाडी. आठवीत शिकवलं होतं मी तुला.”

“मला पंच्याऐंशी मार्क दिले होतेस तेव्हा.”

“उरलेले पंधरा ह्याचेच कापले होते.”

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. मी तेव्हा पुण्यात एका विमा कंपनीत नोकरीला होते आणि दर दुसऱ्या शनिवारी मिरजेला आईकडे येत होते. आई म्हणजे शैलजा पेंडुरकर, मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या पेंडुरकर बाई. जगातल्या सगळ्या राजधान्या तिला तोंडपाठ होत्या. प्रत्यक्ष पाहिलेली राजधानी एकच, मुंबई, आणि तीही राज्याची.

बाबा जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्या सव्वा वर्षात आई आधी गप्प झाली आणि मग बारीक झाली. सकाळी सहाला लागणारा रेडिओ बंद पडला. दोन पोळ्यांची कणीक भिजवायची आणि एकच खायची. फोन करून “काय करतेस?” विचारलं की “बसलेय” म्हणायची. जिने वर्गात एकतीस वर्षांत खुर्चीला पाठ लावली नाही, ती नुसती बसून होती. पुण्याला ये म्हटलं तर “तिथे बसून काय करू?” हा प्रश्न तयार असायचा.

मग जानेवारीत एके दिवशी भर ऑफिसच्या वेळात तिचा फोन आला.

“रूपा, तुझ्या बाबांची एक इच्छा राहून गेली बघ.”

गॅसचे कागद शोधताना तिला बाबांची एक जुनी डायरी सापडली होती. बाबा टेलिफोन खात्यात सुपरवायझर होते आणि दर वर्षी खात्याची डायरी घरी यायची. ही दोन हजार तीन सालची. शेवटच्या पानावर ‘राहिलेली कामे’ असं शीर्षक आणि खाली चार ओळी. बाबांचं अक्षर मी डोळे मिटूनही ओळखलं असतं. शिरोरेघ एका दमात डावीकडून उजवीकडे ओढायचे, दोन शब्दांत जागा सोडणं त्यांना उधळपट्टी वाटायचं.

१. मोरीतला नळ
२. सौ.चा चष्मा
३. आईसलँड – १ आठवडा
४. मुल्लाची शिडी परत

“बाबांना? आईसलँडला जायचं होतं?” मी फोनवर जवळजवळ ओरडलेच. बाबा मिरजेहून सांगलीला जाताना बसमध्ये लिंबू हुंगत बसायचे. डिसेंबरात रात्री जरा गार वारा सुटला की माकडटोपी घालून बातम्या ऐकायचे. बर्फाच्या देशात हा माणूस कशाला जाईल?

“त्यांना नव्हे गं. मला न्यायचं असेल. भूगोल कुणाचा आहे घरात?”

“पण दोन हजार तीन सालची डायरी आहे आई.”

“इच्छेला काय साल असतं?” ती म्हणाली. त्या आवाजात सव्वा वर्षानंतर पहिल्यांदा पट्टी आपटल्यासारखा ठसका होता. दुसऱ्याच दिवशी जूनमधल्या रजेचा अर्ज टाकला.

त्यानंतरचे तीन महिने मी जन्मात विसरणार नाही. आई सुटली. आधी मोरीतल्या नळाला प्लंबर आला, मग तिचा चष्मा बदलला. यादीतली बाकीची कामं उरकूनच निघायचं हा तिचा हट्ट. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदाराला तिने चहा दिला आणि आईसलँडची राजधानी विचारली. त्याला आली नाही. सही करून निघताना तो बिचारा तीनदा ‘रेक्याविक’ म्हणून गेला. रेडिओ परत लागला. माझ्या दर फेरीला वही जाड होत गेली. मधे पानं कमी पडली म्हणून तिने पुरवणी जोडली, ती पण दोऱ्याने बांधून.

“मंगळवार बघ,” ती सांगायची. “सकाळी भाकरी.”

“भाकरी तू करणार?”

“मी नाही, जमीन करणार. तिथे गरम जमिनीत पीठ भरलेलं पातेलं पुरतात आणि चोवीस तासांनी काढतात. बिनविस्तवाची भाकरी! राय नावाच्या धान्याचं पीठ असतं म्हणे. आपण बरोबर मेतकूट नेऊ, लोणचं नेऊ. आणि भडंग. भडंगाशिवाय मिरजेचा माणूस ओळखू यायचा नाही.”

“आणि बुधवारी हे काय लिहिलंयस? ‘तरणतलाव, नियम पाहणे’?”

आईने चष्मा नाकावर खाली घेतला. “तिथे गावागावात गरम पाण्याचे उघडे तलाव आहेत. बाहेर थंडी, आत ऊन पाणी. पण आधी आंघोळ करावी लागते. साबण लावून. सगळ्या बायकांसमोर.” ती थांबली. “कपडे न घालता.”

“मग बुधवार कॅन्सल.”

“का म्हणून? मिरजेत मी पेंडुरकर बाई आहे. तिथे कोण ओळखतंय? तू पाठ कर माझ्याकडे, मी करीन तुझ्याकडे. पाच मिनिटांचा प्रश्न.”

ही माझीच आई का, अशी शंका यावी असे दिवस होते ते. आणि या सगळ्याच्या मध्यभागी, तिच्या भाषेत मध्य अटलांटिकमध्ये, होता सोमवारचा पहिला तास. रेक्याविकपासून तासाभरावर एक दरी आहे. तिथे अमेरिका आणि युरोप ज्यांच्यावर बसलेत ते पृथ्वीचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर सरकतात, वर्षाला दोन सेंटिमीटर. समुद्राच्या तळाशी हजारो मैल चालणारी ही गोष्ट माणसाला पायी चालत बघता येते ती तिथे. वर्गात आई हे शिकवताना घरून पातेलंभर तापवलेलं दूध न्यायची आणि दुधावरची साय मधोमध फाडून दोन्ही बाजूंना सरकवून दाखवायची. नंतर ते दूध शिपाईकाका प्यायचे. एकतीस वर्षं ती साय सरकवत होती.

“तिथे उभं राहायचं,” ती म्हणायची, “आणि एक पाय इकडे नि एक तिकडे.”

“दरी केवढी रुंद आहे माहितीये का? पाय पुरायचे नाहीत.”

“मनानं गं. सगळंच काय पायानं करायचं असतं?”

एप्रिलच्या एका शनिवारी यादीतली शेवटची ओळ माझ्या गळ्यात पडली. व्हिसाचा फॉर्म भरायचा होता, पण “आधी शिडी,” असं आईने फर्मावलं. शिडी माळ्याखाली दहा वर्षं आडवी पडून होती. मी ती रिक्षाच्या टपाला दोरीने बांधली आणि निघाले. रिक्षावाल्याने वाटेत दोनदा विचारलं, “ताई, कुठल्या खांबावर चढायचंय?”

मुल्लाकाका म्हणजे बाबांच्या हाताखालचे लाईनमन, बाबू मुल्ला. त्यांनाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. दारात शिडी बघून ते कपाळावर हात मारून हसायला लागले.

“आवो ताई, ही शिडी? ही गेलीच समजून मी दुसरी घेतली, ती बी मोडली, आन् आता खांबावर चढायचे गुडघे बी ऱ्हायले न्हाईत. साहेब काय वर गेल्यावर बी आठवण ठेवत्यात व्हय?”

त्यांनी मला बसवलं, चहा आणला. मी हौसेने यादीची गोष्ट सांगितली. नळ झाला, चष्मा झाला, शिडी झाली, आता जूनमध्ये आईला घेऊन आईसलँडला चालले आहे. मुल्लाकाका कपातून बशीत चहा ओतत होते, ते मधेच थांबले.

“कुठं?”

“आईसलँड. युरोपच्या वर एक देश आहे. बाबांनी लिहून ठेवलं होतं.” मी फोनमध्ये काढलेला पानाचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. मग ओठातल्या ओठात वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “ह्ये आईसलँड न्हवं. ह्ये ‘आईस’ आन् पुढं ‘लँड’. लँड म्हंजे लँडलाईन. आमच्या हापिसात समदं असंच लिवायचं. लँड म्हंजे लँडलाईन, मोबा म्हंजे मोबाईल. साहेबांच्या आई न्हवत्या का गावाकडं, मालवणाकडं? त्येन्ला फोन बसवायचा हुता. एक आठवडा लागंल म्हणून लिवलंय.”

आईस. आईस साष्टांग नमस्कार. बाबा आजीला पत्र लिहायचे तेव्हा सुरुवात अशीच असायची, आणि मी विमा कंपनीत रोज शंभर मराठी अर्ज वाचत असूनही मला ते दिसलं नव्हतं. आजीकडे फोन आला तो दोन हजार तीन सालीच, हेही मला माहीत होतं. आजी त्या फोनवर इतकी मोठ्याने बोलायची की तार नसती तरी मिरजेपर्यंत ऐकू आलं असतं.

“मीच तर गेलो हुतो संगं,” मुल्लाकाका सांगत होते. “तिकडची परवानगी साहेबांनी काढली, तार आमी वढली. आठवड्याचं काम, सतरा दिवस लागले. चार खांब घालायचे, आन् खड्डा खणला का खाली दगूड. सायेब जाताना यष्टीत चारदा वकले. मी म्हणलं, सायेब, तुमी ऱ्हावा घरी, मी जातो. तर म्हणाले, आईचा फोन हाय बाबू.”

“पण मग खोडलं का नाही? काम झालं होतं ना?”

“खोडलं की वही घाण हुती म्हणायचे. आमच्या साहेबांनी आयुष्यात कायच खोडलं न्हाई.” त्यांनी पुन्हा फोटोत डोळे घातले. “पर येक इचारू? ह्येच्याफुडं टिंब कसं न्हाई?”

“टिंब?”

“लँड टिंब. मोबा टिंब. साहेब टिंब चुकायचेच न्हाईत. आमी चुकलो तर कागूद परत फेकायचे. शब्द तोडला तर टिंब पायजे, टिंब न्हाई तर शब्द पुरा म्हणायचे.”

“फोटो नीट आला नसेल,” मी म्हणाले.

मी रिक्षाने घरी निघाले. आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की बाबांच्या राहिलेल्या कामांत तू नव्हतीसच? चष्म्यापुरती होतीस, बाकी आजी होती? वही, पुरवणी, पासपोर्ट, बुधवारचा तलाव, सगळं एका टिंबाने पुसून टाकायचं आणि तिला परत त्या खुर्चीत बसवायचं? आणि नाही सांगितलं तर? तर बाबांनी कधी पाहिलं नाही असं स्वप्न घेऊन ती पृथ्वीच्या टोकाला जाणार, आणि मी शेजारी बसून माना डोलावणार. मला दोन्ही जमणार नव्हतं.

मग मला टिंबाचा आधार सापडला. मुल्लाकाकांनीच म्हटलं होतं, साहेब टिंब चुकायचे नाहीत. फोटो मी स्वतः काढला होता आणि त्यात टिंब नव्हतं. समजा डायरीतही नसेल. मग ती लँडलाईन नाही. मग तो देशच. आजीचा फोन वेगळा आणि हे वेगळं. एवढ्याशा टिंबावर मी मिरजेतल्या सगळ्या देवांना हात जोडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यालाही रिक्षातून जाता जाता नमस्कार केला.

आई घरी नव्हती. व्हिसाचे फोटो काढायला गेली होती. मी चपला न काढताच आतल्या खोलीत गेले, कपाटातून डायरी घेतली आणि शेवटचं पान उघडलं.

टिंब नव्हतं.

मी एकटीच हसले, मोठ्याने. बाबा, तुम्ही ग्रेट आहात, असं चक्क तोंडाने म्हणाले. बसमध्ये ओकणाऱ्या माणसाच्या मनात एवढा मोठा देश! त्या ओळीवरून मी प्रेमाने बोट फिरवलं, आणि ‘लँड’च्या पुढे बोटाला पान जरा खरखरीत लागलं. मी डायरी खिडकीशी नेली, पान उजेडात धरलं. सगळं पान जाड, पिवळट. आणि तिथे, टिंबाएवढ्या जागेत, कागद पातळ झाला होता. पलीकडचं ऊन दिसत होतं.

हे काम मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. प्रगतिपुस्तकात चुकून भलताच आकडा पडला की आई दाढीचं अर्धं ब्लेड घ्यायची, शाई हलक्या हाताने खरवडायची आणि वरून अंगठ्याचं नख घासायची. शाळेत तिच्याइतकं सफाईने ते कुणालाच जमायचं नाही. बाकीच्या बाई आपली प्रगतिपुस्तकं तिच्याकडे घेऊन यायच्या.

मी डायरी जागेवर ठेवली आणि बाहेर येऊन टेबलाशी बसले. चपला तेव्हा काढल्या.

थोड्या वेळात आई आली. “बघ गं, फोटोत मी फरारी दिसतेय. हसायचं नाही म्हणाला. म्हटलं, बाबा रे, सहलीला चाललेय मी, तुरुंगात नाही. तर म्हणतो, बाई, नियम आहे.” तिने पदराने घाम पुसला, पाणी प्यायली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. “चल. फॉर्म काढ.”

मी फॉर्म काढला. नाव, जन्मतारीख, पत्ता झाला. व्यवसायाच्या रकान्यात तिने ‘निवृत्त’ लिहू दिलं नाही, ‘शिक्षिका’च लिहायला लावलं. मग पुढचा प्रश्न आला.

“प्रवासाचा हेतू,” मी वाचलं. “चौकोनात खूण करायचीय. पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट, शिक्षण, उपचार, इतर.”

“इतर,” आई ताबडतोब म्हणाली. “आणि पुढच्या ओळीत लिही, पतीची इच्छा. इंग्रजीत काय ते तू बघ.”

मी पेन धरून बसून राहिले.

“काय झालं? स्पेलिंग येत नाही?”

“आई, मुल्लाकाका भेटले.”

“हो ना, विचारायचंच राहिलं. शिडी बघून काय म्हणाले?”

“हसले. चहा दिला. आजीकडचा फोन बाबांनी आणि त्यांनी मिळून बसवला म्हणाले. आठवड्याचं काम होतं, सतरा दिवस लागले.”

आई फोटोंचं पाकीट उघडत आणि मिटत राहिली. “आठवतं मला,” ती म्हणाली. “सतरा दिवस मी एकटी होते इथे. आले ते फणस घेऊन.”

“आई, टिंब कुठे गेलं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडेल, नाहीतर रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर वर्गात चिठ्ठी देताना पकडल्या गेलेल्या मुलीचा भाव आला. असे हजारो चेहरे तिने पाहिले होते, स्वतः केला पहिल्यांदाच.

“ब्लेडने काढलं,” ती म्हणाली. “धीर व्हायला दोन दिवस लागले. एवढंसं तर टिंब.”

“पण कशासाठी? तुला जायचं होतं तर मला सरळ सांगायचं ना!”

“सांगितलं होतं की.”

“कधी? कुणाला?”

“तुला.”

मी ‘काहीतरीच काय’ म्हणायला तोंड उघडलं, आणि आठवलं. बाबांनंतरची पहिली दिवाळी. दिवाळी कसली, शेजाऱ्यांकडून आलेला फराळ डब्यात भरणं चाललं होतं. आई करंज्या लावता लावता म्हणाली होती, “रूपा, मी काय म्हणते, ती आईसलँडची दरी एकदा बघायला मिळाली तर मला फार आवडेल.” मी फोनमध्ये बघत होते. मी म्हणाले होते, “आई, या वयात? गुडघे बघ तुझे. त्यापेक्षा अष्टविनायक करून येऊ गाडीने.” ती म्हणाली होती, “हो, तेही बरं.” आणि झाकण लावलं होतं. मी विसरले होते असं म्हणणंसुद्धा खरं नाही. मी ते ऐकलंच नव्हतं. अष्टविनायकही केले नव्हते.

“मी पुन्हा म्हटलं असतं की मला जायचंय,” आई शांतपणे सांगत होती, “तर पुन्हा माझे गुडघे निघाले असते. ‘त्यांची इच्छा’ म्हटल्यावर तू दुसऱ्या दिवशी रजा टाकलीस. शेजारणीसुद्धा म्हणाल्या, जायलाच पाहिजे हो बाई. गेलेल्या माणसाला कुणी गुडघे विचारत नाही.”

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. तीन महिने मी मैत्रिणींना अभिमानाने सांगत फिरत होते, आईला बाबांच्या इच्छेसाठी परदेशी नेतेय म्हणून. आईच्या इच्छेसाठी नेतेय असं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तशी काही गोष्ट असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. “चुकलं माझं,” मी म्हणाले.

“फॉर्मवर पाणी सांडू नकोस, दुसरा नाही आपल्याकडे,” आई म्हणाली.

“आणि बाबा? त्यांना हे कळलं असतं तर?”

“ते?” ती हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. “ते म्हणाले असते, शैला, तू जा बाई, मी घर बघतो. लिंबं पण तूच घेऊन जा. पण टिंब खोडल्याबद्दल चार दिवस बोलले नसते माझ्याशी.”

मग मी पेन उचललं.

“पर्यटन?” मी विचारलं.

“थांब. पेन इकडे आण.”

तिने चष्मा पुसला, फॉर्म स्वतःकडे सरळ करून घेतला आणि ‘पर्यटन’च्या चौकोनात खूण केली. पूर्ण मार्क देताना करायची तशी, खालून वर, झोकात. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला.

“आणि एक लिही. विमानात खिडकीची जागा मला पाहिजे.”

“आई, त्यासाठी फॉर्मवर चौकोन नाही.”

“मग तुला सांगतेय,” ती म्हणाली. “ऐकू आलं?”

“आलं,” मी म्हणाले.